चुन्याचे पंचांग, ॲक्रिलिकचा रंग

मराठवाड्यात नवरात्राच्या आधी दसरा काढतात. गोधड्या, भांडी, अंथरुणे-पांघरुणे धुऊन निघतात आणि त्याच झपाट्यात भिंतींवरही हात फिरतो. परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या पिंगळीसारख्या गावात घराला बाहेरून रंग द्यायचे ठरले की मुहूर्त एकच, दसरा-दिवाळी. घरात लग्न असेल तर एप्रिल किंवा मे. दसरा-दिवाळीचे हे वेळापत्रक चुन्याचे आहे, आणि चुन्यासाठी ते अचूक होते. पुढे भिंत बदलली, गिलावा बदलला, डब्यातला रंगही बदलला, पण वेळापत्रक होते तिथेच राहिले. बाहेरच्या भिंतींचे जे पोपडे निघतात त्यांतल्या बऱ्याच पोपड्यांचे मूळ रंगाच्या प्रतीत नाही, या विसंगतीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी भिंत पाहू. जुने घर माळवदाचे. भिंती मातीच्या किंवा दगड-मातीच्या, वर पांढरीच्या मातीचा थर, अंगाला मातीचा गिलावा आणि त्यावर चुना किंवा पांढरी माती. या भागातल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे गोटे सापडतात. ते भाजून, पाण्यात विझवून आणि बैलाच्या घाण्यात मळून चुना तयार होई. या साहित्याची मजल कुठवर जाते हे पाहायचे तर संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहावा. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर उभ्या राहिलेल्या या वास्तूत संगमरवर आहे तो मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधला मोठा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचा बारीक, घोटून चकचकीत केलेला गिलावा आहे. दगड झाकणारी ही कातडी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ मराठवाड्याचे ऊन आणि पाऊस खात आली आहे. डागडुजी होत आली हे खरे, पण चुन्याच्या कामात डागडुजी गृहीतच असते.

आजच्या घराची भिंत विटांची आणि गिलावा सिमेंटचा. बाहेरच्या बाजूला गवंडी बहुधा सँडफेस करतात. पहिला थर सुमारे १२ मिलिमीटरचा, त्यावर ८ मिलिमीटरचा दुसरा, आणि शेवटी स्पंजने घासून वाळूचा कण उघडा ठेवलेला. खरखरीत पृष्ठभागाचा फायदा म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते आणि बारीकसारीक चिरा डोळ्यांत येत नाहीत. तोटा असा की त्यात धूळ बसते आणि पावसाचे पाणी घसरून जाण्याऐवजी रेंगाळते. नदीची वाळू मिळणे अवघड झाल्यापासून दगड भरडून केलेली क्रश सँड सर्रास वापरात आली. तिच्यात दगडाची भुकटी जास्त असली तर मालाला पाणी जास्त लागते, आणि ते पाणी उडून गेले की गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. वाळू धुऊन घेण्याचा कंटाळा पुढे रंगाच्या माथी मारला जातो.

विटेचेही असेच. काळ्या मातीचा अंश असलेल्या विटेत चुनखडीचा बारीक खडा राहून गेला तर भट्टीत त्याची कळी होते. पुढे वर्षा-दोन वर्षांत ओल पोचली की ती विझते, फुगते आणि गिलाव्याचा नाण्याएवढा तुकडा बाहेर फेकते. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला तर दोष विटेचा समजावा. परळीच्या वीजकेंद्रातील राखेपासून केलेल्या विटांत हा त्रास नाही. त्यांचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असतो, म्हणून गिलाव्याला पकड मिळावी यासाठी सिमेंट-वाळूचा पातळ शिंपडा आधी मारावा लागतो.

आता रंग. चुना आणि आजचा प्लास्टिक रंग यांच्यातला फरक किमतीचा किंवा चकाकीचा नाही. ते दोन वेगळ्या प्रकारे भिंतीला चिकटतात. विझवलेला चुना भिंतीवर लागतो तेव्हा तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे भिंतीवर अक्षरशः चुनखडीचा पापुद्रा तयार होतो. या क्रियेला पाणी लागतेच. कोरड्या भिंतीवर, कोरड्या उन्हात दिलेला चुना दगड होण्याआधीच सुकतो आणि हात लावला की पांढरी भुकटी निघते. म्हणून जुने रंगारी भिंत आधी भिजवत. पावसाळा नुकताच सरलेला, भिंत पोटातून ओलसर, हवेत अजून दमटपणा. आश्विन महिना चुन्याला हवा तसाच. सार्वजनिक बांधकामाच्या जुन्या पद्धतीत एक किलो चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी, बंधासाठी थोडा डिंक आणि किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ असे प्रमाण असे. सफेदीसाठीची भारतीय मानक संहिता ६२७८ याच कामाची. स्नोसेमसारखे सिमेंटचे रंगही याच कुळातले: ओल्या भिंतीवर द्यायचे, नंतर पाणी मारायचे, आणि पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट व्हायचे.

ॲक्रिलिक इमल्शनचा स्वभाव याच्या उलट. त्यात राळेचे सूक्ष्म गोलक पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की गोलक एकमेकांना चिकटतात आणि सलग पडदा तयार होतो. घराबाहेरच्या कामासाठी असे रंग जगात १९५०च्या दशकापासून पसरले. आपल्याकडे खेड्यापर्यंत पोचायला त्यांना बराच काळ लागला. एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण ५ चौरस मीटर भिंत होते आणि वाळल्यावर जो पडदा उरतो तो ७०-८० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दशांशाहूनही पातळ. बाहेरचे पाणी तो उत्तम अडवतो. आतली वाफही तो काही प्रमाणात जाऊ देतो, पण चुन्याइतकी नाही, आणि भिंत मुळात ओली असेल तर ते 'काही प्रमाण' पुरत नाही.

म्हणजे एकाला ओली भिंत हवी, दुसऱ्याला कोरडी. दसऱ्याला भिंत कशी असते?

चांगला पाऊस झालेल्या वर्षी परभणी जिल्ह्यात सप्टेंबरअखेरपर्यंत भिंतींना सुकायला उसंत नसते. २०२५चा सप्टेंबर आठवावा. अतिवृष्टीने मराठवाडा झोडपून निघाला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. त्याआधी दोन वर्षे, २०२३ साली, अधिक श्रावण आल्यामुळे तेच १२ नोव्हेंबरला होते. एकाच सणाच्या मुहूर्तात तीन आठवड्यांचा फरक. चुन्याला त्याने काही बिघडत नव्हते. ॲक्रिलिकच्या दृष्टीने मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरातले हे तीन आठवडे भिंत सुकण्याचे ऐन दिवस आहेत. अधिक मासाच्या वर्षी दिवाळीला दिलेला रंग टिकतो आणि एरवी टिकत नाही, यात कंपनी बदलल्याचे श्रेय कुणी घेऊ नये.

ओल्या भिंतीवर पडदा चढवल्यावर काय होते? पाऊस संपतो आणि लगेच ऑक्टोबर हीट सुरू होते. आकाश निरभ्र, ऊन तिखट. गडद रंगाची पश्चिमेची भिंत दुपारी ५५-६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. २५ अंशांना पाण्याच्या संपृक्त वाफेचा दाब सुमारे ३.२ किलोपास्कल असतो, ६० अंशांना तो जवळजवळ २० किलोपास्कल, म्हणजे सहापट. रंगाची पकड पक्की असेल तर एवढ्या दाबाने तो उचलला जात नाही. पण ओल्या गिलाव्यावर पकड बसलेलीच नसते, आणि पाण्यात भिजून पडदा मऊही पडतो. मग फुगे येतात. फुगा फोडून पाहिला आणि आत पाणी किंवा ओला गिलावा दिसला, तर तो डबा दोषी नव्हे. रंगाचा शत्रू समोरून कमी आणि पाठीमागून जास्त येतो.

पाठीमागचे पाणी कुठून येते याचा शोध ही या विषयातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत टाळली जाणारी पायरी. पिंगळीच्या परिसरातली जमीन काळी, भारी. दगड झिजून झालेल्या या मातीतली चिकणी खनिजे पाणी पिऊन फुगतात, सुकली की आकसतात आणि जमिनीला मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको. घर बांधणाऱ्याला मात्र सांगावे लागते. ही माती पाणी धरून ठेवते आणि जोत्याला टेकलेली असली तर महिनोन्‌महिने भिंतीला पाजत राहते. जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल, किंवा नंतर अंगणात भर घातल्याने, रस्ता उंच झाल्याने तो जमिनीखाली गेला असेल, तर विटा आणि गिलावा केशाकर्षणाने पाणी वर ओढतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा गडद, वरची कड नागमोडी असलेला पट्टा ही त्याची खूण.

या पाण्याबरोबर क्षार चढतात. ते पृष्ठभागावर आले तर पांढरी बुरशीसारखी लव दिसते. तिला लोणा म्हणतात. ती झाडून काढता येते. पण पडदा असला की पाणी पडद्यामागेच सुकते आणि स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढतात. वाढणारा स्फटिक गिलाव्याला आतून फोडतो. मग पोपड्याबरोबर वाळूही गळून येते. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीत नत्राचे क्षार असतात. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा एकेकाळी अशाच जुन्या भिंतींवरून आणि मातीतून काढत, हे लक्षात घेतले म्हणजे गोठ्याकडची भिंत प्लास्टिकने का झाकू नये ते कळते. बोअरच्या जड पाण्याने गिलावा भिजवला असेल तर क्षारांचा थोडा पुरवठा आपणही केलेला असतो.

याच ठिकाणी आपण सर्वांत मोठी चूक करतो. जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत गडद ऑइलपेंटचा पट्टा मारायचा. चिखलाचे शिंतोडे दिसू नयेत, पुसता यावेत, हा हेतू रास्त आहे. पण भिंतीला जिथे सर्वांत जास्त श्वास हवा तिथेच आपण तिचे नाक दाबतो. ऑइलपेंट वाफ जवळजवळ जाऊच देत नाही, आणि त्यातल्या तेलाचे ओल्या सिमेंटशी मुळीच जमत नाही. नव्या सिमेंटच्या गिलाव्यातला चुना तीव्र अल्कधर्मी, सामू १२ च्या वर. जवसाचे तेल असो की तेलापासून केलेली अल्किड राळ, अल्क आणि पाणी भेटले की तिचा साबण होतो. रंग चिकट होतो, पाण्याने ओघळतो. जुन्या घरांना खाली गेरूचा पट्टा असे. तोही शिंतोडेच लपवायचा. पण तो वाफ अडवत नव्हता, खराब झाला की सणाला पुन्हा सारवला जायचा, आणि त्याचे पोपडे निघण्याइतकी त्याची जाडीच नव्हती. आज घर बांधणाऱ्याने तो पट्टा हवाच असेल तर तिथे सिमेंटचा रंग किंवा आयर्न ऑक्साइड घातलेला चुना द्यावा, आणि ॲक्रिलिक त्याच्या वर सुरू करावा. दिसायला दोन पोत वेगळे दिसतात, दिसू द्यावेत. युरोपात या अडचणीवर सिलिकेट रंगाचा उपाय काढला गेला. बव्हेरियात आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली त्याचे पेटंट घेतले. तो पडदा न धरता गिलाव्याच्या खनिजाशी जखडला जातो. तालुक्याच्या दुकानात तो मिळण्याची आशा धरू नये.

वरून येणारे पाणी शोधणे सोपे. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून वळून भिंतीवर येते. गच्चीच्या कठड्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता असेल तर वर्षभराची धूळ पावसात काळे ओघळ बनून खाली उतरते. पन्हळ तोकडी असली तर तिच्याखाली शेवाळाची जीभ दिसते. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, घासून, धुऊन काढावे लागते. त्याच्यावर रंग दिला तर तो शेवाळाला चिकटतो, भिंतीला नाही.

उन्हाबद्दल एक रूढ समज तपासून घेण्यासारखा आहे: दक्षिणेची भिंत सर्वांत तापते. पिंगळीचे अक्षांश १९ च्या किंचित वर. मेच्या मध्यास सूर्य डोक्यावर येतो आणि पुढे दोन महिने दुपारी किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८६ अंशांवर, तोही उत्तरेकडे. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचे ऊन जवळजवळ लागतच नाही. छज्जा असला तर मुळीच नाही. २१ डिसेंबरला तोच सूर्य दक्षिणेकडे ४७ अंशांवर उतरतो, तेव्हा ही भिंत उबदार होते, आणि तेव्हा ते हवेच असते. उन्हाळ्यात मार बसतो तो पूर्वेला आणि त्याहून अधिक पश्चिमेला, कारण दुपारी हवा आधीच तापलेली असते आणि ऊन भिंतीवर आडवे येते. म्हणून फिका रंग सर्वप्रथम पश्चिमेला हवा. १० मीटर लांबीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा ४० अंशांच्या चढउतारात मोकळा असता तर सुमारे ४ मिलिमीटर लांबला-आखडला असता. वीट साधारण त्याच्या निम्मीच हलते. ही ओढाताण रोज चालते, आणि गडद रंग ती वाढवतो.

चिरांची गोष्ट यापुढची. जाळीदार बारीक चिरा गिलाव्याच्या. त्या दोन हातांत बुजतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी चीर बहुधा पायाची असते, काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने पडलेली. ती उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूंना चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी फुटली तर चीर जिवंत आहे. जिवंत चीर मे महिन्यात, ती पूर्ण उघडी असताना, सिमेंटने ठासून भरली तर पावसाळ्यात ती मिटू पाहते आणि भरलेला माल कडांसकट बाहेर येतो. तिथे लवचिक ॲक्रिलिक सीलंट हवा, आणि घराभोवती पाणी साचू नये म्हणून उताराची फरसबंदी. रंगाने ती चीर कधीच बरी होत नाही, 'क्रॅकप्रूफ' असे डब्यावर कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेले असो.

नव्या गिलाव्यासाठी एक घरगुती परीक्षा आहे. आठवडाभर पाणी मारून झाल्यावर गिलावा किमान चार आठवडे सुकू द्यावा, हा सर्वमान्य नियम. त्यानंतर भिंतीचा थोडा भाग खरवडून, भिजवून तिथे हळदीचे पाणी लावावे. हळद लालभडक झाली तर अल्क अजून जागा आहे. कुंकू करताना हळदीला चुना लागतो तो याच कारणाने. ओल पाहायची तर हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आत थेंब दिसले तर रंगाऱ्याला पुढच्या आठवड्यात बोलवावे. जुन्या रंगावर तळहात फिरवून भुकटी येते का ते पाहावे, आणि नाण्याने ठोकत जाऊन जिथे बद्द आवाज येतो तो पोकळ गिलावा पाडून टाकावा. चुन्याचे जुने थर असतील तर खरवडून, धुऊन काढल्याशिवाय ॲक्रिलिक देऊच नये. पडदा चुन्याला धरतो, चुना भिंतीला धरत नाही, आणि दोघे मिळून खाली येतात. बाहेर सर्वत्र पुट्टी भरून भिंत आरशासारखी करण्याची हौस मला न पटणारी आहे. पुट्टी हा आणखी एक थर, आणि थर वाढला की सुटण्याची एक जागा वाढते.

रंगछटेची निवड हा हौसेचा प्रांत. तरी शास्त्राचा एक इशारा आहे. खनिज रंगद्रव्ये, म्हणजे गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, आयर्न ऑक्साइडचा काळा, ऊन आणि अल्क दोन्ही सोसतात. अजिंठ्याच्या चित्रकारांचे रंग बहुतांशी अशाच माती-दगडांचे होते. तिथला हिरवाही मातीचाच. आज लोकप्रिय असलेले झगझगीत गुलाबी, जांभळे, पोपटी रंग बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि पश्चिमेच्या भिंतीवर ते दोन-तीन उन्हाळ्यांत उतरू लागतात. हौस असेलच तर ती उत्तरेला किंवा छज्ज्याखाली करावी.

आता वेळापत्रक. ॲक्रिलिकसाठी पिंगळीत नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. भिंत सुकलेली, ऊन सौम्य, हवा कोरडी. मात्र परभणीची थंडी विसरू नये. काही वर्षी इथला पारा पाच अंशांच्याही खाली गेला आहे. साधारण १० अंशांखाली राळेचे गोलक नीट एकजीव होत नाहीत, आणि पहाटेचे दव ओल्या रंगावर ठिपके पाडते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळचे दव उडून गेल्यावर काम सुरू करावे आणि दुपारी तीन-साडेतीनला ब्रश धुऊन ठेवावा. मे महिन्यात अडचण उलटी: तापलेल्या भिंतीवर रंग लागता लागता सुकतो, ब्रश ओढला जातो, कडा दिसतात आणि रंग गिलाव्यात उतरत नाही. लग्नासाठी करावेच लागले तर सावलीच्या मागे फिरावे, पश्चिम सकाळी, पूर्व दुपारनंतर.

ज्यांना दिवाळीलाच घर उजळलेले हवे, त्यांनी त्या वेळी चुना किंवा सिमेंटचा रंग द्यावा. हे दोघे त्या दिवसांचेच आहेत. ॲक्रिलिक हवा असेल तर दिवाळीआधी दाराची चौकट, ओटा आणि समोरचा भाग तेवढा चुन्याने आवरून घ्यावा, आणि उरलेले काम संक्रांतीच्या सुमारास काढावे. तो चुना मात्र तेव्हा खरवडावा लागेल. त्या दिवसांत सणासुदीची घाई ओसरलेली असते, म्हणून रंगारीही मिळतो, आणि परांचीसाठी बांबूही. चारही भिंती एकदम रंगवायचा हट्टही सोडता येतो. पश्चिमेची भिंत उत्तरेच्या आधी उतरणार हे ठरलेलेच आहे, तर तिचा हात स्वतंत्र काढावा. त्यासाठी रंगाच्या छटेचा क्रमांक आणि बॅच नंबर मीटरच्या पेटीच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवावा. डबे फेकले जातात, पेटी राहते.